अकरा एकर ज्वारी

अकोल्याला काय नोकरी करत होता, असं नत्थुजी काकडांना कुणी विचारलं की ते सरळ सांगत, "पाखरं हाकलत होतो." विचारणारा हसायचा. नत्थुजी हसत नसत. कृषी विद्यापीठाच्या ज्वारीच्या वावरांत त्यांनी एकतीस वर्षं खरोखरच पाखरं हाकली होती, आणि त्याच पगारावर संसार करून दोन मुलींची लग्नं लावली होती.

बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या साली ते बार्शीटाकळी तालुक्यातल्या सावरखेडहून अकोल्याला आले. वय एकोणतीस. आधी रोजंदारीवर, मग कायम. पावसाळ्यात निंदण, खुरपण, खतं टाकणं असली मजुराची कामं असत. पण आश्विन लागला, कणसांत दाणा भरायला लागला, की नत्थुजींचा खरा हंगाम सुरू व्हायचा. खांद्यावर गोफण टाकून ते सूर्य उगवायच्या आत राखणीच्या उंच माळ्यावर चढत. तिथल्या प्रत्येक ओळीला नंबर, कणसाकणसाला चिठ्ठी. गोट्यानं एखादं कणीस मोडलं तर कुणाची तीन वर्षांची मेहनत जायची. म्हणून नत्थुजी गोट्याऐवजी मातीचं ढेकूळ वापरत, आणि पुढे पुढे तर तेही नाही. नुसती गोफण अशी फिरवून सोडत की फटाका फुटल्यासारखा आवाज व्हायचा आणि सगळा थवा एकदम उठायचा.

पाखरांबद्दल त्यांना जे कळत होतं ते कुठल्या पुस्तकातून आलेलं नव्हतं. चिमण्या कडेकडेनं खातात. राघू कणीसच तोडतो, थोडं खातो, बाकीचं खाली टाकतो. सगळ्यांना भूक लागते ती उजाडल्यावर दोन तास आणि दिवस मावळायच्या आधी दोन तास. दुपारी बाभळीत बसून राहतात. दाणा दुधात आल्यापासून टणक होईस्तोवर वीस-बावीस दिवस राखण केली की पीक हाती लागलं. एका वर्षी रागिणी मॅडम म्हणून नवीन अधिकारी आल्या होत्या. त्यांनी वही उघडून विचारलं, "नत्थुजी, पाखरं कोणत्या ओळीत कमी बसतात?" नत्थुजींनी त्यांना वावरातून फिरवून दाखवलं. ज्या कणसाची मान वाकडी, ते खाली लोंबतं, त्यावर पाखराला बूड टेकता येत नाही. ज्या दाण्याचं बोंड, म्हणजे वरचं टरफल, घट्ट, तो टोचायला त्रास. मॅडमनी ते सगळं लिहून घेतलं. त्या दिवशी घरी येऊन नत्थुजींनी ही गोष्ट बायकोला, सुभद्राला, तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आयकलं म्या. आता जेवा."

दोन हजार चार साली ते रिटायर झाले. सत्कार झाला, नारळ मिळाला, शाल मिळाली. अकोल्यातली भाड्याची खोली सोडून नवरा-बायको सावरखेडला परतले. तिथे वडिलार्जित सहा एकर वावर होतं. तीन एकर नत्थुजींचं, तीन त्यांच्या धाकट्या भावाचं, सूर्यभानचं. इतकी वर्षं सगळं सूर्यभानच वाहत-पेरत होता.

गावात पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सुभद्रानं त्यांना ज्वारी आणायला दुकानात पाठवलं. दुकानदार म्हणाला, "ज्वारी? चार दिवस थांबा, अकोल्याहून मागवतो."

नत्थुजींना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यांच्या लहानपणी या गावात घराघरात ज्वारीची कोठी होती. सालदाराला वर्षाचं धान्य म्हणून ज्वारी मिळायची. कण्या, आंबील, भाकर, थंडीत हुरडा. पोटात दुसरं काही जायचंच नाही. आणि आता गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सोयाबीन आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. सोयाबीन खाता येत नाही, पऱ्हाटीही खाता येत नाही. लोक ते विकून रेशनचा गहू आणत. ज्यांच्या वावरात पिढ्यानपिढ्या अन्न पिकत होतं, ते अन्नासाठी पिशवी घेऊन दुकानात उभे राहत होते.

ती वर्षं वऱ्हाडाला बरी नव्हती. वर्तमानपत्रात गावांची नावं ज्या कारणासाठी येत, त्या कारणासाठी सावरखेडचं नाव अजून आलं नव्हतं, आणि येऊ नये म्हणून लोक त्याबद्दल बोलतच नसत. पारावर बसलं तरी बोलणं औषधाच्या फवाऱ्यावरून सुरू होई आणि बियाण्याच्या पाकिटावर संपे. नत्थुजी ऐकत. एकतीस वर्षं आपण एकेक कणीस जपलं, मनात म्हणत, आणि आपल्याच गावात पेरायला ज्वारी नाही.

जूनमध्ये त्यांनी भावाला सांगितलं, "सूर्यभान, एक एकर मी ज्वारी पेरतो."

सूर्यभान औताला तेल देत होता. त्यानं मान वर केली नाही. "दादा, पाखरं खातीन. पाखरांनं ठेवलं त डुकरं खातीन. लोकायनं सोडली ते काही उगीच नाई सोडली."

"एकतीस वर्सं मी दुसरं काय केलं?"

"तुमचं बराबर हाये," सूर्यभान म्हणाला, "पन हे विद्यापीठ नाई."

नत्थुजींना ते लागलं. पण ठरलं ते ठरलं. आता बियाणं कुठून आणायचं? विद्यापीठातून सुधारित बी मिळालं असतं, पण त्याचं ताट, म्हणजे धाट, बुटकं, कडबा कमी. त्यांना जुनी, गावरान, डोक्याच्या वर जाणारी, वाकड्या मानेची ज्वारी हवी होती. चौकशी करता करता ते माणिकबाईंकडे पोचले. माणिकबाई गावात सगळ्यांत वयस्कर, एकट्या राहणाऱ्या, दोन एकराच्या मालकीण. दर वर्षी हुरड्यापुरती एक ओळ त्या वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लावत आणि चांगली कणसं चुलीच्या वर धुरात टांगून ठेवत.

"काय करतं रे बी घेऊन?" माणिकबाईंनी विचारलं.

"पेरतो, काकू."

"लोक त तुले येडं म्हनतीन."

"म्हनू द्या."

माणिकबाईंनी काठीनं कणसांचा झुबका खाली काढला. पायलीभर दाणे निघाले. एका एकराला तेवढे पुरले.

ज्वारी उगवली, वाढली. पोळ्यापर्यंत पुरुषभर उंच झाली. गावातले लोक बैलगाडी थांबवून पाहत. सुभद्रा दररोज संध्याकाळी एक चक्कर मारून येई. नत्थुजींनी बांबूचा माळा उभारला, अंबाडीच्या दोरीची नवी गोफण वळली. आणि दाणा दुधात आला तशी पाखरं आली.

विद्यापीठात त्यांनी पाखरं पुष्कळ पाहिली होती, पण अशी नाही. आजूबाजूच्या पाच गावांत दुसरी ज्वारीच नव्हती. त्या पाच गावांतल्या जेवढ्या चिमण्या, जेवढे राघू, जेवढ्या सुगरणी, सगळ्या त्या एका एकरावर उतरल्या. या कोपऱ्यातून उठवलं की त्या कोपऱ्यात. नत्थुजी माळ्यावर उभे राहून चारी दिशांना गोफण वाजवत. साठ वर्षांचा खांदा दुपारपर्यंत दगडासारखा होई. विद्यापीठात त्यांच्यासारखे बारा जण होते आणि वावर मैलभर पसरलेलं होतं. याचा फायदा काय होता, हे त्यांना इथे माळ्यावर उभं राहिल्यावर कळलं. आठव्या दिवशी खांदा सुजला. तरी ते उभे राहिले. त्यात भर म्हणून एका पहाटे रानडुकरांनी नाल्याकडची बाजू आडवी केली.

खळ्यावर दीड पोतं ज्वारी झाली. आठ-नऊ पोती व्हायची तिथे दीड. बाकीची कणसं झाडून घेतलेल्या केरसुणीसारखी मोकळी. सूर्यभाननं ती बघितली आणि एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर नत्थुजींना बरं वाटलं असतं.

चार दिवसांनी शेजारच्या वावराचे मालक अब्दुल गफ्फार सायकल टेकवून खळ्यावर आले. गफ्फारभाईंकडे चार एकर वावर आणि तीन म्हशी होत्या. दूध ते बार्शीटाकळीला घालत. त्यांनी ज्वारीच्या पोत्याकडे बघितलंच नाही. सरळ कडब्याच्या पेंढ्यांकडे गेले, एक ताट मोडून दाताखाली धरलं.

"नत्थुभाऊ, हा कडबा कोनाले देऊन राहिले?"

"कोनाले नाई. पडला हाये."

"मले द्या. सोयाबीनच्या कुटारानं म्हशी वाळून राहिल्या. गेल्या साली कडब्यासाठी पातूरच्या पुढे गेलतो, तिथंबी भेटला नाई." मग ताट खाली ठेवून ते म्हणाले, "अन् थोडीशी ज्वारी बी. अम्मीले शुगर निंगाली. डाक्टर म्हनते भाकर खाऊ घाला. हमिदा म्हनते, भाकर काय मातीची करू?"

कडबा गेला, पायलीभर ज्वारी गेली. हमिदा म्हणजे गफ्फारभाईंची बायको. तिनं दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की अम्मींनी दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागितली.

त्या हिवाळ्यात नत्थुजी बरेच दिवस गप्प होते. सुभद्राला वाटलं मनाला लावून घेतलं. तसं नव्हतं; ते विचार करत होते. एक दिवस जेवता जेवता घास हातात धरून म्हणाले, "सुभद्रे, पाखराचं पोट केवढं असते?"

"मले काय मालूम?"

"तेवढंच असते. एक एकर असो का दहा एकर, पाखरू तेवढंच खाते. अवं, माह्या एका एकरानं पाच गावची पाखरं जेवू घातली. हेच दहा एकर असतं त मले कळलं बी नसतं."

"मंग दहा एकर पेरा."

"आपलं तीनच हाये."

"दुसऱ्यायचं हाये ना," सुभद्रा म्हणाली आणि ताटात आणखी वरण वाढलं.

तिथून नत्थुजींचं दारोदार फिरणं सुरू झालं. त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्यांची वावरं एकमेकांना लागून आहेत त्यांनी एकाच आठवड्यात ज्वारी पेरायची, म्हणजे कणसं एकाच वेळी भरतील आणि राखण एकदाच करावी लागेल. राखण मी करीन. दीड पोत्यातली उरलेली ज्वारी त्यांनी दळलीच नव्हती. ती बियाण्याला ठेवली होती. बी फुकट घ्या, म्हणाले. तरी बहुतेकांनी नाही म्हटलं. कुणी हसून, कुणी चहा पाजून. एकानं विचारलं, "नत्थुजी, तुमाले पेन्शन हाये. आमचं काय?" नत्थुजी खाली मान घालून तिथून उठले.

गफ्फारभाई मात्र लगेच तयार झाले, चारही एकर. माणिकबाईंचे दोन एकर नत्थुजींच्या वावराला लागूनच होते. त्या म्हणाल्या, "माही त कवाचीच इच्छा होती, पन एकटीच्यानं होत नवतं." नत्थुजींचे स्वतःचे तीन. असे नऊ एकर झाले. मधे सूर्यभानचा तुकडा येत होता, पण भावाला विचारायची नत्थुजींची हिंमत झाली नाही.

पेरणीच्या आदल्या दिवशी सूर्यभान स्वतःच आला. दारात उभा राहिला, आत आला नाही.

"दादा, धुऱ्याकडचे दोन एकर मी बी घालतो."

"तुले त ज्वारीचा..."

"बैलायले कडबा पायजे मले," सूर्यभान घाईनं म्हणाला. मग पायानं उंबऱ्याजवळची माती उकरत राहिला. "अन् गेल्या साली तुमी एकटे माळ्यावर उभे रायत होते, ते मले पायवलं नाई."

तो वळून गेला.

असे दोन हजार पाचच्या पावसाळ्यात अकरा एकर झाले. पेरणी तीन दिवसांत आटोपली. गफ्फारभाईंनी डुकरांसाठी युक्ती काढली. घराघरातून जुनी लुगडी, साड्या, ओढण्या मागून आणल्या आणि अकरा एकरांच्या चारी बाजूंनी बांधल्या. सुभद्रानं आपल्या लग्नातली विटलेली साडीही देऊन टाकली. लांबून बघणाऱ्याला वाटे इथे कसली जत्राच भरली आहे. डुकरं त्या हलत्या कापडांना बिचकली. पूर्ण थांबली नाहीत, पण कमी झाली.

दसऱ्याच्या सुमारास दाणा दुधात आला. नत्थुजी माळ्यावर चढले. पहिल्या दिवशी गोफण फिरवली, दुसऱ्या दिवशी फिरवली, तिसऱ्या दिवशी हात कानाच्या वर जाईना. जोर केला तशी खांद्यातून अशी कळ आली की ते माळ्यावर खाली बसले. गफ्फारभाईंनी त्यांना मागून आणलेल्या मोटरसायकलवर मागे बसवून बार्शीटाकळीला नेलं. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला आणि सांगितलं, पंधरा दिवस हलवायचा नाही.

घरी येऊन नत्थुजी बाजेवर पडले ते भिंतीकडे तोंड करून. तीन घरांनी त्यांच्या शब्दावर ज्वारी पेरली होती. राखण मी करीन, असं त्यांनी तोंडानं सांगितलं होतं.

"उद्यापासून मी जाईन," सुभद्रा म्हणाली.

"तुले गोफन येत नाई."

"मले आवाज येते ना."

"पाखरं काय आवाजानं..."

"एकतीस वर्सं तुमी पाखराईचंच सांगून राहिले मले," सुभद्रा म्हणाली. "सकाळी दोन तास, दिवस बुडता दोन तास. चिमनी कडेनं खाते, राघू कनीस तोडते. मले समदं पाठ हाये. विद्यापीठाचं वावर मात्र कधी पाह्यलं नाई मी. एक दिवस बी नेलं नाई तुमी."

हे खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सुभद्रा उजाडता वावरात पोचली तर तिथे हमिदा आधीच उभी होती. रोजे सुरू होते. सहरीच्या जेवणाला उठलेली हमिदा पहाटेची फजरची नमाज पढून, पुन्हा न झोपता, तेलाचा रिकामा डबा आणि लाकडाचा दांडका घेऊन वावरात आली होती. "नींद तो वैसे भी होत नाई, भाभी," ती म्हणाली. "म्हटलं इथंच येऊन बसू." माणिकबाई थोड्या वेळानं काठी टेकत आल्या आणि त्यांनी वेगळाच खटाटोप मांडला. वावराच्या मधून लांब दोरी ताणली, तिला पत्र्याचे डबे बांधले, आणि धुऱ्यावर बसल्या बसल्या एक टोक ओढत राहिल्या.

घरी नत्थुजी ऐकत होते. वावर गावापासून फार दूर नव्हतं. डब्याचा आवाज आला की ते मोजत: हा पूर्वेकडचा, हा मधला. मग बराच वेळ आवाज आला नाही की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. तीन दिवस त्यांनी काढले. चौथ्या दिवशी दुपार कलताच बांधलेला हात सांभाळत ते वावराकडे निघाले.

धुऱ्यावर पोचताच त्यांना जे नको ते दिसलं. त्यांच्या स्वतःच्या वावराच्या नाल्याकडच्या कोपऱ्यात पाखरं खुशाल बसली होती. पाच-पन्नास नव्हे, मोठा थवा. आणि सुभद्रा माळ्यावरून त्यांच्याकडे बघत होती, पण ओरडत नव्हती.

"अवं, तो कोपरा!" नत्थुजी खालून ओरडले. "तिथं पाय, तिथं! उठव त्यायले!"

सुभद्रानं वरून हात हलवून त्यांना गप्प केलं आणि सावकाश खाली उतरली.

"मुद्दाम ठेवला हाये तो कोपरा."

"मुद्दाम?"

"पयल्या दिवशी उठवलं तिथून. तवा काय झालं, थवा चार जागी फुटला अन् गफ्फारभाईच्या वावरात पसरला. मंग हमिदाबी म्हनली, त्यायले तिथंच बसू देऊ. दोन गुंठे खातीन. पोट भरलं की बाभयीत जातीन. दुसरीकडं उतरले त डबा वाजवतो, कोपऱ्यात उतरले त नाई वाजवत. तीन दिवसांत शिकले ते बी."

"अन् तो कोपरा गेला ना पन!"

"आपलाच हाये," सुभद्रा म्हणाली. "दुसऱ्याचा थोडीच देऊन राहिले."

नत्थुजी धुऱ्यावर बसले. विद्यापीठात एक कोपरा पाखरांना सोडून द्यायचा, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. तिथे प्रत्येक कणसाचा हिशेब द्यावा लागे. त्यामुळे एकतीस वर्षांत त्यांनाही ते सुचलं नव्हतं. सूर्य खाली गेला तसा थवा उठला, अकरा एकरांवरून एक फेरा मारला. पूर्वेला हमिदाचा डबा वाजला, मधे माणिकबाईंची दोरी खडखडली, माळ्यावर चढलेल्या सुभद्रानं असा लांब हेल काढून आवाज दिला की नत्थुजी चमकले. तो आवाज त्यांनी बत्तीस वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता. थवा वळला आणि पुन्हा कोपऱ्यात उतरला.

हमिदा त्यांच्याजवळून जाताना म्हणाली, "भाईसाब, कुछ गलत हो राहिलं का? सांगा."

"नाई," नत्थुजी म्हणाले. "चांगलं चालू हाये."

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळ-संध्याकाळ धुऱ्यावर येऊन बसू लागले. सांगण्यासारखं त्यांच्याकडे होतं, आणि विचारलं की ते सांगत: दाणा नखानं दाबून बघायचा, दूध निघालं तर अजून दहा दिवस, नख लागलं नाही तर राखण बंद. विचारलं नाही तर गप्प बसत. संध्याकाळी रोजा सोडायची वेळ झाली की हमिदा धुऱ्यावर ओढणी पसरून खजूर काढी, आणि एकेक खजूर सगळ्यांच्या हातावर ठेवी.

त्या साली दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली. त्यानंतर ज्वारी कापली. कोपरा गेला, कडेचं थोडं गेलं, पण बाकी कणसं भरलेली होती. हातात घेतली की वजन लागायचं. मळणी झाली तेव्हा माणिकबाई राशीजवळ बसल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत दाण्यांत घालून बराच वेळ तशाच बसून राहिल्या. कुणी त्यांना उठवलं नाही. सूर्यभाननं आपली पोती घरात नेऊन रचली. वर्षभराची भाकर घरात आहे, एवढी गोष्ट त्या घरात पंधरा वर्षांनी झाली होती. गफ्फारभाईंच्या गोठ्यामागे कडब्याची अशी गंजी उभी राहिली की ते येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाचं निमित्त करून ती दाखवायला नेत.

पुढे सगळं सरळ झालं असं नाही. पुढच्या वर्षी बारा-तेरा घरं आली, चाळीस एकर ज्वारी झाली, आणि ऐन कापणीत पाऊस लागून निम्मा दाणा काळा पडला. काहींनी पुन्हा नाव घेतलं नाही. एका साली सोयाबीनचा भाव चढला तसे आणखी काही गळाले. पण पेरणारे कमी-जास्त झाले तरी ज्वारी गावातून पुन्हा गेली नाही. लोक ज्वारीच्या ओळींमधे तूर, उडीद, बरबटी, अंबाडी टाकू लागले, जसं त्यांचे आजे टाकायचे. गिरणीवाल्यानं ज्वारीच्या दळणासाठी मंगळवार आणि शुक्रवार ठरवून दिले. हमिदा आणि सुभद्रा बार्शीटाकळीच्या बाजारात पीठ घेऊन बसू लागल्या, थंडीत हुरडा. पहिल्या आठवड्यात उरलेलं पीठ त्यांना डोक्यावर परत आणावं लागलं. तिसऱ्या आठवड्यात दुपारच्या आत पिशव्या रिकाम्या झाल्या. शुगरवाल्या घरांतली माणसं तर त्यांना नावानं ओळखू लागली.

नत्थुजींचा खांदा पूर्ण बरा झाला नाही. हात डोक्यापर्यंत जायचा, वर नाही. आधी आधी ते त्याबद्दल कुरकुर करत. नंतर त्यांनी ते सोडून दिलं. घरच्या वावराच्या कडेला वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर लावणं हे त्यांचं काम झालं आणि त्यात ते रमले.

दोन हजार नऊच्या दसऱ्याला पलीकडच्या गावातले चार कास्तकार ट्रॅक्टरवरून सावरखेडला आले. त्यांनीही तेवीस एकर ज्वारी एकत्र पेरली होती, आणि पाखरांनी त्यांना जेरीस आणलं होतं. नत्थुजींचं नाव त्यांनी ऐकलं होतं. बाजेवर बसून, चहा पिऊन, त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला, "नत्थुजी, तुमी विद्यापीठातले मानूस. पंधरा दिवस आमच्याकडं येऊन राहा. राहाचं, खायाचं आमच्याकडं."

नत्थुजींनी मान हलवली. "मी येऊन फायदा नाई. बायकोले न्या."

चौघं एकमेकांकडे बघू लागले. एकाला हसू आवरेना.

"हसू नका," नत्थुजी शांतपणे म्हणाले. "मले जे येते ते एका मानसाच्या हाताचं काम हाये. तिले जे येते ते गावाचं काम हाये. तिले न्या, हमिदाबीले न्या. अन् तुमच्या घरच्या बायायले धुऱ्यावर आना, त्याबिगर हे होनार नाई."

आत सुभद्रा पीठ चाळत होती. तिनं ते सगळं ऐकलं होतं. ती चाळणी ठेवून बाहेर आली आणि पदराला हात पुसत त्या माणसांना विचारलं, "नाला कोन्या बाजूले हाये तुमच्या वावराले? अन् बाभया किती दूर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी गफ्फारभाईंच्या ओळखीच्या ऑटोत बसून निघाल्या. हमिदाच्या मांडीवर तेलाचा डबा होता, सुभद्राच्या हातात भाकरीचं फडकं. ऑटो वळणावर दिसेनासा होईपर्यंत नत्थुजी दारात उभे होते. मग ते आत आले. चूल विझली होती. त्यांनी काड्या लावून ती पेटवली, आणि चहाची पत्ती कोणत्या डब्यात असते ते शोधायला लागले. ती सापडायला त्यांना बराच वेळ लागला.